ऐंशीचा इंग्रजी शब्द

हातात थापलेली कच्ची भाकरी होती आणि ती टाकायला तवा नव्हता.

मी स्टेजवर उभी होते. मंचरजवळच्या एका मंगल कार्यालयाचं स्टेज. लग्नाच्या दिवशी नवरा-नवरी बसतात तिथं. समोर खुर्च्या, खुर्च्यांवर पुण्याहून आलेली माणसं, पुढच्या रांगेत आसपासच्या गावांतले पुढारी. माझ्यापुढं टेबल. टेबलावर पांढरं कापड, त्यावर परात, पीठ, पाण्याचा तांब्या. शेगडी नाही. तवा नाही.

कार्यक्रम पुण्याच्या एका संस्थेचा होता, म्हाताऱ्या माणसांसाठी काम करणाऱ्या. तिथल्या मॅडम माईकवर म्हणाल्या, "आता या आजी आपल्याला भाकरी करून दाखवणार आहेत. परातीत न थापता. दोन्ही हातांवर!"

मी थापली. पीठ बाजरीचं होतं, पण जुनं. जुन्या पिठाची विरी जाते, चिकटपणा राहत नाही, भाकरी कडेला चिरते. ते पीठ कुणी हातात घेऊन पाहिलं नव्हतं. चिरलेली कड मी बोटांनी सारखी केली, कारण लोक बघत होते. फोटोवाला खालून ओरडला, "आजी, वर धरा. अजून वर. हसा की!"

मी वर धरली. मग मॅडमना विचारलं, "हिला टाकू कुठं?"

त्यांनी माईक बाजूला केला. "टाकायची नाही आजी. फोटोपुरतीच आहे."

मग माझ्या खांद्यावरून एक लाल चकचकीत पट्टा घातला. त्यावर सोनेरी अक्षरं होती. मी चौथी शिकलेली आहे, मला वाचता येतं. मान वाकवून मी एकेक अक्षर लावलं. ऑक्टोजेनेरियन अन्नपूर्णा. दुसरा शब्द मला कळला. पहिला कळला नाही.

प्रमुख पाहुणे उठले. "एक्क्याऐंशी वर्षांची ही माऊली," असं त्यांनी सुरू केलं. माईक माझ्या तोंडापासून हातभर होता. मी म्हटलं, "मी एक्क्याऐंशीची न्हाई. सत्त्याहत्तरची हाये."

पाहुणे थांबले. माझ्याकडं बघून हसले. मग लोकांकडं वळून म्हणाले, "बघा, बाईमाणूस कितीही म्हातारं झालं तरी वय चोरणारच!"

सगळं कार्यालय हसलं. बायका पण हसल्या. मॅडमनी हसत हसत टाळ्या वाजवल्या, म्हणून बाकीच्यांनी पण वाजवल्या. मी भाकरी हातात धरून उभी. तिच्यातलं पाणी माझ्या कोपरावरून ओघळत होतं. कार्यालयात झाडू मारणारी बाई आली, तिनं ती भाकरी माझ्या हातातून घेतली आणि कागदी डिशांच्या पिंपात टाकली.

अन्न टाकलेलं मी रोज बघत होते. मी भाकऱ्या करायचे त्या मेसमधली पोरं अर्धी ताटं टाकतात. पण ते उष्टं असतं, कुणीतरी त्याला तोंड लावलेलं असतं. ही भाकरी कुणाच्या तोंडासाठी केलेलीच नव्हती.

खाली उतरल्यावर मॅडमनी पट्टा काढून घेतला. घडी घालून पिशवीत ठेवला. दुसऱ्या तालुक्यातल्या कार्यक्रमाला लागणार होता.

मी वय चोरत नव्हते. ते सांगते.

माझं माहेर डोंगरातलं, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला. आता ते गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. भात, नाचणी, वरई, याच्यापलीकडं तिथं काही पिकत नव्हतं. गावात देवळाच्या ओट्यावर शाळा भरायची, गुरुजी एकच. माझी थोरली बहीण शाळेत होती. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती तापानं गेली तेव्हा मी दोन-तीन वर्षांची असेन. मला तिचा चेहरा आठवत नाही. तिची एक चोळी आठवते, ती नंतर मी घातली.

शाळेच्या पटावर मुलं इतकी थोडी, की एक नाव गेलं तर शाळा बंद होईल अशी गुरुजींना भीती. ते आमच्या बापाला म्हणाले, "नाव मी काढीत नाही. धाकटी मोठी झाली की तिलाच पाठव." बापाला पण ते बरं वाटलं. परत नाव घालायला नको, परत काही विचारायला नको. डोंगरात तेव्हा वय कोण मोजतंय? गुरुजींनी सगळ्यांचीच जन्मतारीख एक जून लिहिलेली. वर्ष ज्याचं त्याचं अंदाजानं.

मी शाळेत जायला लागले ती मेलेल्या बहिणीच्या नावावर. गुरुजी हजेरी घ्यायचे, तिचं नाव यायचं, मी "हजर" म्हणायचे. चौथीपर्यंत मी तिच्या नावानं हजर राहिले. पुढं रेशनकार्ड त्याच नावानं. मतदान त्याच नावानं. आधार कार्ड काढायला गेले तेव्हा शाळेचा दाखला मागितला, त्यावर तिचं वर्ष. माझं घरातलं नाव हाक मारणारी सगळी माणसं आता मेली. म्हणून इथं मी नाव सांगत नाही. कागदावरचं माझं नाही, आणि माझं कुठल्या कागदावर नाही.

लोकांना वाटतं, चार वर्षांनी काय फरक पडतो? मला पण तसंच वाटत होतं.

नवरा गेल्यावर मी डोंगरातून खाली आले. मुलगा चाकणला कंपनीत लागला, एका खोलीत तो, त्याची बायको, दोन मुलं. त्याच्याकडं महिनाभर राहिले. रात्री पाय लांब केला की कुणाच्या तरी अंगाला लागायचा. सूनबाई कधी काही बोलली नाही. पण एक दिवस तिनं माझी पिशवी माळ्यावर ठेवली, आणि मला कळलं की या घरात माझ्या पिशवीला जागा नाही. मी पिशवी खाली काढली आणि अवसरी खुर्दला आले. तिथं कॉलेज आहे, बाहेरगावची मुलं शिकायला असतात, त्यांच्यासाठी मेस आहेत. एका मेसवाल्याला भाकरी थापणारी बाई हवी होती.

त्यांना सगळे भाऊ म्हणायचे, मी पण. भाऊंनी मला एक भाकरी करायला सांगितली. मी हातावर थापली. आमच्या डोंगरात लहानपणापासून तसंच शिकवतात. परात नसली तरी बाई अडत नाही. भाऊ म्हणाले, "मावशी, उद्यापासून या." मेसच्या मागं पत्र्याची खोली होती, ती राहायला दिली.

आठ वर्षं मी तिथं होते. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. दोन तवे, एक मोठी शेगडी. पोरं खिडकीतून ओरडायची, "मावशी, एक कडक!" "मावशी, मला पातळ!" एक जण रोज म्हणायचा, "मावशी, तुमच्या भाकरीवर अख्खं इंजिनीअरिंग पास होईन." तो चार विषयांत नापास झाला, मी त्याला म्हटलं, "भाकरी बदल, दुसऱ्या मेसला जा." सगळे हसले. असं चाललं होतं. सुख होतं असं मी म्हणणार नाही. गुडघे दुखायचे, शेगडीच्या धगीनं डोळे लाल व्हायचे, सणावाराला मेस बंद असली की खोलीत एकटी. पण सकाळी उठल्यावर मला माहीत असायचं, आज मी काय करणार.

मेसला जेवणारी एक मुलगी होती, चष्मेवाली, लातूरकडची. तिनं एकदा मोबाईलवर माझा व्हिडिओ काढला. हातावर भाकरी फिरते तो. मला दाखवला, मी म्हटलं बरं आहे. तिनं तो कुठं टाकला, तो पुण्याच्या संस्थेच्या मॅडमना दिसला. मॅडम गाडीनं आल्या. मऊ बोलणाऱ्या. माझा हात हातात घेऊन त्यांनी उलटा-सुलटा करून पाहिला. मग म्हणाल्या, "आधार कार्ड आहे का?" मी दिलं. कार्ड बघताना त्यांचे डोळे चमकले. तेव्हा मला कारण कळलं नाही. कार्डावर चौऱ्याहत्तर असतं, सत्त्याहत्तर असतं, तर मी त्यांच्या कामाची नव्हते. कार्डावर ऐंशीच्या पुढचा आकडा होता, म्हणून मी त्यांच्या कामाची झाले.

ते स्टेज, तो पट्टा, ते हसणं, सगळं त्यातून झालं.

दुसऱ्या दिवशी मी त्या चष्मेवालीला विचारलं, "त्या पट्ट्यावरचा शब्द काय गं?"

तिनं मोबाईलमध्ये पाहिलं. "ऐंशी ते एकोणनव्वद वर्षांचं माणूस."

"म्हंजी म्हातारी."

"हो, पण हा फॉर्मल शब्द आहे आजी. साधं बोलताना कुणी वापरत नाही. पेपरात लिहितात. मोठा कुणी लेखक असेल, उद्योगपती असेल, त्याला. मानाचा आहे."

काल मी मावशी होते. आज आजी झाले. ते मी तेव्हाच टिपलं.

"आन् सत्तरवाल्याला?"

"त्याला वेगळा शब्द. नव्वदवाल्याला वेगळा. शंभर झाले की अजून वेगळा."

"पन्नासवाल्याला?"

ती परत मोबाईलमध्ये घुसली. "आहे. पण तो कुणी वापरत नाही, आजी. मी पण आजच बघतेय."

"आन् तुला? वीसवाल्याला?"

ती हसायला लागली. "मला कशाला? मी इंजिनीअरिंगची स्टुडंट आहे."

मी शेगडी पेटवली. ती गेली, तरी मी त्यावर विचार करत राहिले. तिला काम आहे, म्हणून तिला कामाचं नाव आहे. पन्नासवाल्या भाऊंना मेसवाले म्हणतात. त्यांचं वय कुणी पट्ट्यावर लिहीत नाही. मी दिवसाला दोनशे भाकऱ्या करते, तरी मला वयाचं नाव. एवढा लांब शब्द, आणि त्यात मी काय करते ते कुठंच नाही.

मला म्हातारी म्हटल्याचा राग कधी आला नाही. बाजारात धक्का लागला की लोक थेरडे म्हणतात, ते पण चालतं. तोंडावर म्हणतात, मी तोंडावर उत्तर देते. भांडण होतं, मिटतं. या शब्दाला उत्तर काय द्यायचं? तो टाळ्या वाजवत येतो.

चार-पाच दिवसांत कार्यक्रमाचा व्हिडिओ गावभर झाला. मुलानं चाकणहून फोन केला. "आई, तू फेमस झालीस! मी स्टेटसला ठेवलाय." सुपरवायझरनं पण पाहिला, म्हणाला. खूश होता. मी पण क्षणभर खूश झाले, खोटं कशाला बोलू.

मग खाली लोक काय लिहितात ते चष्मेवालीनं मला वाचून दाखवलं. ती दाखवणार नव्हती, मीच हट्ट केला. ‘या वयात राबवून घेतात, लाज नाही वाटत?’ ‘मेसवाल्याला आत टाका.’ ‘एक्क्याऐंशी वर्षांच्या आजीला शेगडीपुढं बसवणारे राक्षस.’ अशी शेकडो माणसं. त्यातल्या एकानंही मला विचारलं नव्हतं, की बाई, तुला हे काम हवंय का?

भाऊंना कुणाकुणाचे फोन यायला लागले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्याकडं आले. खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

"मावशी... म्हंजी आजी. वाईट वाटून घिऊ नका."

"बोला."

"उद्या तव्याम्होरं चक्कर येऊन पडला, तर लोक मला जित्ता सोडतील का?"

"आठ वरसांत पडले का?"

"तवा तुमी एक्क्याऐंशीच्या नव्हत्या."

"आजबी न्हाई, भाऊ."

"कागद तसं म्हणतो ना."

"कागद भाकरी थापतो का?"

भाऊंनी खुर्ची परत भिंतीला लावली. माणूस वाईट नव्हता. म्हणून तर जास्त लागलं. म्हणाले, "महिनाभर राहा खोलीत. मंग बघू काय व्हतंय." महिन्यानंतर काय बघायचं ते दोघांनाही ठाऊक होतं. त्या खोलीत नवीन माणूस येणार होता.

नवीन माणूस आला त्याच्याआधी मशीन आलं. चपातीचं. बटण दाबलं की एकसारखी गोल चपाती बाहेर पडते. भाकरीचं मशीन मिळालं नाही, म्हणून भाऊंनी भाकरीच बंद केली. मला वाटलं, पोरं ओरडतील. खोलीच्या दारात बसून मी कान लावून ऐकत होते. पहिल्या दिवशी दोघा-तिघांनी विचारलं, "आज भाकरी नाही?" दुसऱ्या दिवशी एकानं. चौथ्या दिवशी कुणीच नाही. ते पास होणारं इंजिनीअरिंग चपातीवर पण पास होणार होतं.

त्या चौथ्या दिवशी मी जितकी मेले तितकी नवरा गेला तेव्हा पण मेले नव्हते.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बरं झालं की. लई केलंस. आता आराम कर." कुठं करायचा ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

चष्मेवालीला वाईट वाटत होतं. तिनंच मॅडमना फोन लावला. मॅडम लगेच म्हणाल्या, "अगं, आपला आश्रम आहे की. जुन्नरच्या बाजूला. सगळं मोफत. ऐंशीच्या पुढच्यांना तर आपण आधी घेतो." मला न्यायला गाडी पाठवली. मी पिशवी बरोबर घेतली. मनात ठरवून गेले होते, की राहायचं. दुसरा रस्ता नव्हता. गाडीत बसताना मी स्वतःला सांगितलं, तोंड बंद ठेव.

आश्रम स्वच्छ होता. फरशी इतकी पुसलेली, की पाय ठेवायला भीती वाटावी. लांबलचक खोली, दोन्हीकडं खाटा, प्रत्येक खाटेच्या डोक्याशी एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर नाव, वय, आणि खाली तो शब्द. खिडकीकडच्या रांगेला सत्तरचा. मधल्या रांगेला माझ्या पट्ट्यावरचा. दाराजवळच्या रांगेला नव्वदचा, कारण त्यांना न्यायला-आणायला दार जवळ लागतं. प्रत्येक रांगेच्या चादरीचा रंग वेगळा. मंचरच्या बाजारात कांद्याची प्रतवारी करतात, मोठा गोळा एकीकडं, बारीक गोल्टी एकीकडं, खराब बदला एकीकडं. तशी बायकांची लावलेली.

आणि सगळ्या बायकांचे हात मांडीवर. ते मी आधी पाहिलं. वीस-पंचवीस बाया, एकीच्या हातात काही नाही. सुई नाही, सूप नाही, वात नाही.

कडेच्या खाटेवरची बाई बोलली तशी मला कळलं, ही आमच्याकडची, डोंगरातली.

"कुठली गं तू?" तिनं विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलं.

"त्ये बुडालं की."

"बुडालं."

"हितं सगळं हाये," ती म्हणाली. "च्या दोनदा. डाक्तर येतो. टीवी हाये."

"आन् काम?"

ती हळूच म्हणाली, "सकाळच्या भातातले दाणे मी बाजूला काढते. ताटाच्या कडंला. खडा असल्यावानी निवडत बसते. वाढणाऱ्या बाया म्हणतात, आजी खेळ नका करू."

मी उठले आणि स्वयंपाकघर कुठं आहे ते विचारलं. व्यवस्थापक बाईंच्या कमरेला किल्ल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रहिवाशांना किचनमध्ये जाता येत नाही."

"नुसतं दोन भाकऱ्या करीन. सगळ्यास्नी न्हाई, माझ्यापुरत्या. आन् हिच्या."

"ऐंशीच्या वरच्यांना तर अजिबातच नाही. नियम आहे. काही झालं तर जबाबदार कोण?"

मग मला ऑफिसात नेलं. तिथं मॅडम होत्या. टेबलावर फॉर्म भरून ठेवलेला, माझा फोटो चिकटवलेला. स्टेजवरचाच. भाकरी वर धरलेला. बाईंनी शाईचा डबा उघडून पुढं सरकवला.

मी म्हटलं, "मला सही येती."

मॅडमना कौतुक वाटलं. "अरे वा! द्या, पेन द्या आजींना."

पेन हातात घेतलं आणि मी फॉर्म वाचला. हळू वाचला, मला वेळ लागतो. त्यांनी वाट पाहिली. नाव. बहिणीचं. जन्मतारीख. बहिणीची. वर्गवारी, त्याच्यापुढं तो शब्द. व्यवसाय, त्याच्यापुढं आडवी रेघ. काही नाही अशी.

त्या रेघेशी माझं पेन थांबलं. आयुष्यभर मी दुसरीच्या नावानं हजर म्हणत आले, ते मला चाललं, कारण त्या नावामागं उभी राहून काम मीच करत होते. शाळेत पाटी मी घासली. भाताची रोपं मी लावली. भाकऱ्या मी केल्या. नाव कुणाचंही असो, हात माझे होते. आता या लोकांनी हाताच्या जागी रेघ मारली होती. मग मी कुठं उरले?

मी पेन खाली ठेवलं.

"काय झालं आजी?"

"यातलं नाव माझ्या बहिणीचं. वय तिचं. हा शब्द तुमचा. माझं यात काय हाये? सही कशावर करू?"

मॅडमना बहिणीचं काही कळलं नाही. त्यांना वाटलं, माझा मेंदू सटकला. त्या बाईंकडं बघून त्यांनी मान हलवली, आणि मग लहान मुलाशी बोलावं तसं माझ्याशी बोलल्या, "आजी, तो शब्द सन्मानाचा आहे. तुम्हाला अर्थ माहीत नाही ना, म्हणून तुम्हाला—"

"अर्थ ठावा हाये. ऐंशीच्या फुडं, नव्वदच्या आत. त्या पोरीनं सांगितला."

"मग अडचण काय आहे?"

"त्याच्यात भाकरी कुठं हाये?"

मॅडमनी फॉर्म स्वतःकडं ओढला. मग त्यांचा आवाज बदलला. मऊपणा गेला. "हे बघा, आम्ही काही जबरदस्ती करत नाही. पण तुम्ही राहणार कुठे? विचार केलाय?"

"ते तुमी मला स्टेजवर चढवायच्या आधी इचारायचं व्हतं."

मी पिशवी उचलली. परत जायला त्यांनी गाडी दिली नाही, मी मागितली नाही. फाट्यापर्यंत चालत आले. दोनदा बसावं लागलं. एसटीत कंडक्टरनं आधार कार्ड बघितलं आणि म्हणाला, "आजी, पंचाहत्तरच्या पुढं, तिकीट फुकट." फुकट तिकीट माझ्या खऱ्या वयाला पण होतं, पण माझ्या नावाचं कार्डच नाही. तिथं बहीण उपयोगाला आली.

ही गोष्ट ऐकून लोकांना वाटतं, पुढं काहीतरी चांगलं झालं असेल. नाही झालं. भाऊंची खोली सुटली. अवसरी बुद्रुकला एका शेतकऱ्याच्या कांद्याच्या चाळीला लागून आडोसा आहे, तिथं मी राहते. कांदा, बटाटा काढायला मजुरांची टोळी येते तेव्हा त्यांच्या भाकऱ्या मी करते. टोळी नसली की काम नाही. पाऊस लागला की एका अंगानं भिजते. मुलगा महिन्याला एकदा फोन करतो. चष्मेवाली पास होऊन गेली. जाताना भेटायला आली, रडली. मी तिला म्हटलं, "रडू नगं. पण इचारल्याबिगर कुणाचे हात मोबाईलात घालू नगं." तिनं मान हलवली. ती कळून हलवली की रडण्यात, ते मला माहीत नाही.

डोंगरातली ती बाई आश्रमात अजून भाताचे दाणे निवडत असेल. तिला मी बाहेर काढू शकत नाही. मला स्वतःला नीट राहता येत नाही.

परवा हायवेवरून दोघं जण आले, हातात कॅमेरा. पेठ गावातून कुणीतरी सांगितलं असेल, इथं एक म्हातारी हातावर भाकरी थापते. मी टोळीच्या भाकऱ्या करत होते. त्यातल्या एकानं वाकून विचारलं, "आजी, वय किती तुमचं?"

मी म्हटलं, "भाकरी पायजे असंल तर बस. वय पायजे असंल तर वाट धर."

एकानं कॅमेरा वर केला. मी तव्यावरची उलथनी उचलली. तापलेली. त्यानं कॅमेरा खाली केला. दोघं गेले. टोळीतल्या बाया हसल्या, त्यांतली एक म्हणाली, "मावशी, लई तिखट हाय गं तू!" आठ-दहा महिन्यांनी कुणीतरी मला मावशी म्हटलं.

माझं यापुढं बरं होणार नाही, हे मला कळतं. डावा हात खांद्यातून उचलत नाही, थापताना तो मी उजव्या हातानं वर घेते. एक दिवस तेवढंही होणार नाही. मी पडेन. मग कुणीतरी पिशवीतून कार्ड काढेल, त्यावरचं वर्ष मोजेल, आणि तो शब्द लिहील. लिहा. तेव्हा अडवायला मी नसेन.

पण मी जिती आहे तोवर तो शब्द माझ्या अंगावर चढणार नाही. स्टेजवर नाही, फॉर्मवर नाही, खाटेच्या डोक्याशी नाही. मला हाक मारायची असेल तर मी जे करते त्या नावानं मारा. भाकरीवाली म्हणा. दुसऱ्या कुठल्याही हाकेला मी ओ देणार नाही.